नाव वाटून घ्या, पण कर्त्याला वाटेला लावू नका

रुक्मिणी आमच्या अमरावती जिल्ह्यातली. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, ते तिचं माहेर. आषाढीला तिची पालखी तिथूनच पंढरपूरला निघते. या लेकीच्या लग्नावर मराठीत कितीजणांनी लिहावं! महानुभाव कवी नरेंद्राचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ १२९२ चं. एकनाथांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ १५७१ चं, तेही काशीत पुरं झालेलं. नरेंद्राच्याही आधी महदंबेनं रिद्धपुरात धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायले, ते याच लग्नाचे. पुढे सामराजाचं ‘रुक्मिणीहरण’ आलं, आणखीही बरीच काव्यं आली. आजही खेड्यात पोरीचं लग्न जमत नसलं की घरातली म्हातारी सांगते, तिला रुक्मिणीस्वयंवराच्या पारायणाला बसवा. तिच्या मनात एकनाथांची पोथी असते. नाव तेच असलं तरी नरेंद्राची पोथी वेगळी, तिची चाल वेगळी, तिची रुक्मिणी वेगळी. या सगळ्या शतकांत ‘आमचं नाव चोरलं’ म्हणून कुणी कुणाची कॉलर धरल्याचं ऐकिवात नाही.

याच नरेंद्राची एक गोष्ट ‘स्मृतिस्थळ’ या महानुभावांच्या जुन्या ग्रंथात येते. देवगिरीच्या रामदेवराव यादवाला त्याचं काव्य फार आवडलं. राजा म्हणाला, ओवीमागे सोन्याचा एक आसू, म्हणजे सोन्याचं नाणं, देतो, हा ग्रंथ माझ्या नावावर कर. नरेंद्रानं नाही म्हटलं. आपल्या कविकुळाला बोल लागेल, हे त्याचं कारण. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ग्रंथाचं शीर्षक कुणालाही घेता येत होतं, त्याला मोल नव्हतं. ग्रंथ कुणी केला, हे मात्र राजालाही सोनं देऊन बदलता आलं नाही.

आपण आज याच्या नेमकं उलट करतो आहोत. शीर्षकासाठी कोर्टाची पायरी चढतो, संघटनेकडे फी भरून ते अडवून ठेवतो, मोबाइलवर एकमेकांची उणीदुणी काढतो; आणि कर्त्याचं नाव कुठल्या वळणावर गळून पडलं, याची कुणाला फिकीर नसते. सिनेमा, पुस्तक, गाणं, नाटक, मालिका यांनी एकच नाव लावलं तर काहीही बिघडत नाही, आणि नावावर कुणाची मालकीही असू नये, असं माझं मत आहे. पण त्या नावानं आधी कुणी काही करून ठेवलं असेल, तर मागून येणाऱ्या मोठ्या आवाजाच्या माणसानं त्याची ओळख द्यायला हवी. आणि पुस्तकं, याद्या, पडदे ज्यांच्या हातात आहेत, त्यांनी शीर्षक कधी एकटं सोडू नये. नावासोबत कर्ता आणि साल गेलंच पाहिजे.

विदर्भापुरतं बोलायचं तर याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘धग’ आहे. उद्धव शेळके यांची ही कादंबरी १९६० सालची. शिंप्याच्या घरातली कौतिक, तिचा नवरा महादेव, पोरं, हातावरचं पोट. घरात काही टिकत नाही, नवऱ्याचा भरवसा नाही, आणि कौतिक तरी एकेक दिवस ओढून नेते. या कादंबरीतली माणसं वऱ्हाडी बोलतात. पण ती वाचकाला हसवायला किंवा गावरान चव लावायला बोलत नाहीत. ती त्यांची रोजची, पोटातून आलेली भाषा आहे. वऱ्हाडी म्हटली की विनोद, हे समीकरण सिनेमा-नाटकानं नंतर इतकं घट्ट करून टाकलं, की कौतिकचं बोलणं पहिल्यांदा वाचणाऱ्याला आपलीच बोली इतकी गंभीर होऊ शकते, याचाच धक्का बसतो.

२०१२ साली ‘धग’ नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक शिवाजी लोटन पाटील. प्रेतं जाळण्याचं काम करणारं एक कुटुंब, बापाचं काम पोरानं पुढे चालवावं ही समाजाची अपेक्षा, आणि त्यातून सुटू पाहणारा पोरगा. त्याच्या आईची भूमिका उषा जाधव यांनी केली आणि साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा, तर पाटलांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला. सिनेमा चांगलाच आहे, पुरस्कार त्याच्या हक्काचे होते. शेळक्यांच्या कादंबरीशी त्याचा काही संबंध नाही. पण दोन्हींत दारिद्र्य आहे, दोन्हींत झुंजणारी आई आहे, आणि नाव एकच. गल्लत व्हायला आणखी काय लागतं?

ती कशी होते, हे मी आमच्या वाचनालयात पाहिलं. ‘ड’ वर्गाचं वाचनालय, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, वर्तमानपत्रांसाठी एक बाक. बीएला असलेली एक मुलगी आली आणि तिनं ‘धग’ मागितलं. दिलं. चौथ्या दिवशी परत घेऊन आली.

“काका, हे ते नाई.”

“ते म्हणजे कोणतं?”

“पिच्चरवालं. याच्यात तं मसनातलं काईच नाई. शिवणकामाचंच चालू हाये.”

मी म्हटलं, बाई, हे पुस्तक वेगळं आहे, पिच्चर वेगळा. ती म्हणाली, “मंग एकच नाव काऊन ठेवलं?” प्रश्न रास्त होता. मी दाखल नोंदवही काढली. क्रमांक, ग्रंथाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत असे रकाने, आणि शेवटी ‘शेरा’. ‘धग’च्या ओळीत लेखकाच्या रकान्यात फक्त ‘शेळके’ होतं. मराठीत शेळके आडनावाचे लेखक काय थोडे आहेत? शेऱ्यात आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी निळ्या शाईनं लिहिलं होतं: ‘पिक्चर निघाला आहे.’ भल्या मनानंच लिहिलं असणार. पिक्चर निघाला की पुस्तकाला मागणी येते, हा त्यांचा अनुभव होता, आणि ‘शाळा’, ‘दुनियादारी’, ‘नटरंग’ यांच्या बाबतीत तो खराही होता. पण त्या तीन शब्दांनी पुढच्या प्रत्येक वाचकाच्या हाती चुकीची किल्ली दिली.

इथे दोष सिनेमावाल्यांचा आहे का? मला तसं वाटत नाही. धग चुलीची असते, चितेची असते, चैतातल्या उन्हाची असते. हा शब्द शेळक्यांनी घडवला नव्हता, त्यांनी तो उचलला आणि त्याचं सोनं केलं. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणी तोच उचलला तर त्याला अडवणार कोण, आणि कशासाठी? दोष आहे तो मधल्या सगळ्यांचा. शेरा लिहिणाऱ्याचा, ‘धग मराठी’ एवढंच नाव देऊन व्हिडिओ चढवणाऱ्याचा, वर्गात लेखकाचं नाव एकदा घाईत सांगून सारांश लिहून देणाऱ्याचा. शीर्षक एवढं एकटं सोडलं की ते जो जास्त मोठ्यानं हाक मारेल त्याच्या मागे जातं. सिनेमाचा आवाज नेहमीच मोठा असतो.

सुरेश भटांचं प्रकरण जरा वेगळं आहे, आणि मला ते जास्त खुपतं. भट अमरावतीचे. ‘रंग माझा वेगळा’ हा त्यांचा १९७४ चा संग्रह. ‘धग’ हा बाजारात, चुलीपाशी, सगळीकडे सापडणारा शब्द आहे. ‘रंग माझा वेगळा’ ही ओळ तशी कुठे पडलेली नव्हती. ती एका माणसाच्या तोंडची आहे, त्याच्या सगळ्या खुमारीसह. २०१९ ते २०२३ या काळात एका मराठी वाहिनीवर याच नावाची मालिका चालली. सावळ्या रंगामुळे हिणवल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट. तिची मूळ कथा मल्याळम मालिकेवरून घेतलेली. म्हणजे गोष्ट केरळातली, नाव अमरावतीचं, आणि चित्रीकरण मुंबईकडचं! यात वाईट काही नाही; कला अशीच फिरते. मालिकेनं गावागावांत सासवा-सुनांना एका खोलीत बसवलं आणि कातडीच्या रंगावरून पोरीला नाकारणाऱ्या घरांत थोडी चुळबुळ केली असेल, तर चांगलंच. पण चार वर्षं रोज संध्याकाळी हे शब्द घराघरांत घुमले, आणि आमच्या गावात दहा जणांना विचारलं तर ‘रंग माझा वेगळा’ म्हणजे मालिका, एवढंच उत्तर येतं. ज्या शहरात तो माणूस वाढला, तिथून बसनं जेमतेम दीड तासावरच्या गावात.

एवढी चाललेली मालिका एखाद्या भागात, कवीच्या जयंतीला, एखाद्या पात्राच्या हातात तो संग्रह देऊ शकली असती. खर्च शून्य. उलट तिचीच प्रतिष्ठा वाढली असती.

अशा वेळी काहीजण म्हणतात, यासाठी कायदाच हवा. शीर्षकावर लेखकाचा हक्क नोंदवला की प्रश्न मिटला. ही मागणी कानाला गोड लागते, पण ती मान्य झाली तर तिचा पहिला फटका लहान माणसालाच बसेल. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि नुसत्या शीर्षकात कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली स्पष्ट केलं आहे. ते प्रकरण ‘देसी बॉइज’ या २०११ च्या हिंदी चित्रपटाचं होतं. एका लेखकाचं म्हणणं होतं की, या नावाची कथा आपण आधी लिहून ठेवली होती. न्यायालयानं त्याची तक्रार टिकू दिली नाही: दोन साध्या शब्दांचं शीर्षक ही स्वतंत्र साहित्यकृती होत नाही. त्या लेखकाबद्दल मला सहानुभूती आहे. पण निकाल बरोबर आहे असंच मी म्हणेन. कारण शीर्षकावर ताबा मिळायला लागला, तर तो आधी कुणाला मिळेल?

उत्तर दुसऱ्या दोन प्रकरणांत आहे. कॉपीराइट नसला तरी व्यापारचिन्हाच्या अंगानं शीर्षकाला थोडं संरक्षण मिळू शकतं. मात्र ते नाव लोकांच्या मनात एकाच कृतीशी जोडलं गेलं आहे, हे दाखवावं लागतं. ‘निःशब्द’ नावाचा बंगाली चित्रपट आधी निघाला होता. २००७ मध्ये त्याच नावाचा मोठ्या नटाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा बंगाली चित्रपटाचे निर्माते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मनाई मिळाली नाही. तुमचं नाव लोकांच्या मनात तेवढं ठसलेलं नाही, आणि तुम्ही आलातही उशिरा. याउलट ‘शोले’चं नाव, पात्रं, संगीत असं बरंच काही उचलून जो नवा सिनेमा काढला गेला, त्याच्या निर्मात्यांना त्याच न्यायालयानं २०१५ मध्ये दहा लाखांचा दंड केला. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याला धरून असतील. पण अर्थ उघड आहे. ज्याचं नाव आधीच देशभर झालं, त्याला कुंपण मिळतं. ज्याचं नाव तालुक्याबाहेर गेलं नाही, त्याला सांगितलं जातं की तुम्हाला ओळखतं कोण? शीर्षकाचे हक्क आणखी कडक केले तर ‘शोले’वाल्यांचं कुंपण उंच होईल. शेळक्यांच्या कादंबरीला त्याचा काय उपयोग?

शिवाय चित्रपटसृष्टीत नाव अडवून ठेवायची पद्धत आजही आहेच. निर्मात्यांच्या संघटनांकडे सभासद आपापली शीर्षकं नोंदवतात. हा कायदा नाही, संघटनांची आपसातली शिस्त आहे. तिचा हेतू गोंधळ टाळायचा. पण तिचा वापर कसा होतो ते मे २०२५ मध्ये दिसलं. ‘ऑपरेशन सिंदूर’ला दोन दिवस होत नाहीत तोच त्या नावासाठी निर्मात्यांची रांग लागली. एका बड्या उद्योगसमूहाच्या कंपनीनं तर ते नाव व्यापारचिन्ह म्हणून मागितलं आणि ओरड झाल्यावर अर्ज मागे घेतला. सीमेवर जे घडत होतं ते संपायचं होतं, आणि इकडे नावाचा सातबारा काढायची घाई! अशा रांगेत गडचिरोलीचा किंवा वाशिमचा, मोबाइलवर लघुपट काढणारा पोरगा कुठे उभा राहणार? तो सभासद नाही, त्याच्याकडे फी नाही, मुंबईत त्याला ओळखणारं कुणी नाही. त्याला उद्या ‘पोळा’ नावाचा सिनेमा काढायचा असेल आणि ते नाव तीन वर्षांपूर्वी कुणी नोंदवून नुसतं ठेवून दिलं असेल, तर त्यानं सणाचं नाव बदलायचं का? गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी सिनेमाला एका शब्दाच्या, मातीतल्या नावांची गोडी लागली: ‘वळू’, ‘टिंग्या’, ‘विहीर’, ‘देऊळ’, ‘फँड्री’, ‘ख्वाडा’. छान नावं आहेत. पण विहीर, देऊळ, वखर, तिफण, खळं हे ज्यांचे शब्द आहेत, त्यांनाच ते वापरायला परवानगी लागावी, असा दिवस येऊ नये.

नावाला कुंपण नको म्हणतो, त्याचं आणखी एक कारण आहे. एका नावावरून दुसरं नाव निघणं हा आपल्या कलेतला आनंदाचा भाग आहे. हंसा वाडकरांची गोष्ट पाहा. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, त्यात त्यांनी काम केलं. पुढे त्यांनी आत्मकथन सांगितलं, तेव्हा त्याला तेच नाव दिलं. सिनेमात ते तमाशातल्या बाईचं बोलणं होतं. पुस्तकात ती नटी स्वतःबद्दल बोलते आहे. तेच दोन शब्द, पण आता त्यांत धार आली. नंतर श्याम बेनेगलांनी त्या पुस्तकावरून १९७७ मध्ये हिंदी चित्रपट काढला, तर त्याचं नाव बदलून ‘भूमिका’ केलं. नाव ठेवणं आणि नाव सोडणं, दोन्ही विचारपूर्वक. मंगेश पाडगावकर काय, बहिणाबाई काय, एखादी ओळ लोकांच्या तोंडी बसली की तिचं शीर्षक होणारच. बहिणाबाईंच्या ‘अरे संसार संसार’वरून सिनेमाला नाव मिळालं, आणि गंमत म्हणजे त्याच सिनेमात आमच्या वऱ्हाडच्या विठ्ठल वाघांचं गाणं आहे.

त्या गाण्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याच्या वाट्याला आलेली गोष्ट ‘धग’पेक्षाही वाईट आहे. ‘काळ्या मातीत मातीत, तिफन चालते’. पेरणीच्या दिवसांत हे गाणं आमच्याकडे ट्रॅक्टरवर वाजतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं त्यावर नाचतात, निवडणुकीच्या गाडीवरही वाजतं. तालुक्याच्या ठिकाणी बसस्टँडसमोर मोबाइलचं एक दुकान आहे. तिथे मेमरी कार्डात गाणी भरून देतात. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर ‘शेतकरी’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात हे गाणं तीनदा होतं: एकदा ‘तिफन’ नावानं, एकदा ‘काळी माती न्यू’, एकदा ‘लोकगीत डीजे’. कवीचं नाव एकातही नाही. मी म्हटलं, भाऊ, हे विठ्ठल वाघांचं आहे, अकोल्याच्या. तो म्हणाला, “हे जुनं गाणं आहे दादा, आपल्या बुढ्यायच्या टायमातलं. हे कोण्या एकाचं नसते.” पाहा, इथे तर नावावरून भांडण नाही, कुणी दुसरा सिनेमा काढला नाही. फक्त ‘लोकगीत’ असं लेबल लावलं आणि अकोल्याचा एक कवी त्याच्या हयातीतल्या गाण्यातून बाद झाला. लोकप्रियता म्हणून हे गोड मानून घ्यायचं असं काही लोक सुचवतात. मला त्यात गोड काही दिसत नाही.

आपली जुनी माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा सावध होती. अभंगाला शीर्षक नसतं. पहिली ओळ हेच त्याचं नाव. पण शेवटच्या कडव्यात ‘तुका म्हणे’ येतं, ‘नामा म्हणे’ येतं. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन रचलेल्या भजनांत ‘तुकड्यादास’ असतोच. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यानं ते भजन दुसऱ्या गावी नेऊन गायलं, तरी कर्ता सोबत जातो. त्याला गाळायचं तर चालच मोडते. छापखाना, नोंदवही, कॉपीराइट यांतलं काही नसताना केलेली ही सोय आहे. आणि तुकडोजींनीच १९५५ साली आपल्या ग्रंथाला ‘ग्रामगीता’ नाव दिलं, तेव्हा मूळ गीतेवर डल्ला मारला असं कुणाला वाटलं नाही. विनोबांनी ‘गीताई’ म्हटलं, तेव्हाही नाही. त्या नावातच थोरलीला केलेला नमस्कार आहे. नाव घेण्याची अशी रीत माहीत असलेला समाज आपला. त्यानंच आता गाण्याच्या फाइलला ‘न्यू साँग फायनल टू’ म्हणावं?

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चं उदाहरण या बाबतीत सरळ आहे. बुलडाण्याकडच्या शेतकरी घराची ही कादंबरी २००२ ची. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यावरून त्याच नावाचा हिंदी चित्रपट निघाला. सिनेमा फार चालला नाही, पण नाव आणि नातं दोन्ही जागेवर राहिलं. कुणी ‘बारोमास’ शोधलं तर त्याला एकातून दुसऱ्याकडे जाता येतं. हिंदीत ‘धडक’ आणि ‘धडक २’ पाहा: पहिला ‘सैराट’वरून, दुसरा एका तमिळ चित्रपटावरून, दोन वेगळ्या गोष्टींना एकच छाप. नाव हे दुकानाची पाटी झालं, की असं होतं.

झाडीपट्टीत मला या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडतं. दिवाळीनंतर मंडया (गावच्या जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागात गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडसा हे त्यांचं मुख्य ठाणं. तिथे नाटकाचं नाव कोणतं, यापेक्षा कंपनी कोणती, हे आधी विचारतात. म्हणजे एकाच नावाची दोन नाटकं आली तरी प्रेक्षकाची फसगत होत नाही, त्याला माणसं ठाऊक असतात. पण तीही नटांची आणि मालकाची. पोस्टरवर नायिकेचा चेहरा असतो, विनोदी नटाचा असतो, गायकाचं नाव असतं. लेखक खालच्या कोपऱ्यात, मंडळाच्या खजिनदाराच्याही नंतर. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीच्या नटाचं नाव दिल्लीपर्यंत गेलं, याचा सगळ्यांनाच आनंद झाला. त्या नटांच्या तोंडी वाक्यं घालणाऱ्याचं नाव मात्र टेंपोवरच्या लाउडस्पीकरलाही ठाऊक नसतं.

कुणी म्हणेल, ही पुस्तकी माणसाची कुरकुर आहे. कापसाला भाव नाही, पोरांना काम नाही, आणि तुम्ही नोंदवहीतला रकाना घेऊन बसलात. हे म्हणणं मी उडवून लावत नाही. पण या भागाला बाहेरचे लोक फक्त आत्महत्यांच्या बातमीतून ओळखतात, ही तक्रार आपणच रोज करतो ना? मग इथे कादंबरी झाली, गझल झाली, पेरणीचं गाणं झालं, हे बाहेरच्यांना कुठून कळणार? ज्या वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव नाही, ती कुणाच्याही गावची ठरते. कौतिक वऱ्हाडातली आहे, हे आपल्या पोरीलाच माहीत नसेल, तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला दोष कसा द्यायचा?

आणि करायचं ते फार महागही नाही. वाचनालयांनी लेखकाच्या रकान्यात नुसतं आडनाव न लिहिता पूर्ण नाव आणि पहिल्या आवृत्तीचं साल लिहावं. त्या नावाचा सिनेमा असेल तर ‘याच नावाचा, पण वेगळा’ किंवा ‘याच कादंबरीवरून’, यांपैकी खरं असेल ते. आमच्या नोंदवहीत ‘धग’समोरचा शेरा आता तसा दुरुस्त केला आहे. शिक्षकांनी कादंबरी शिकवताना त्या नावाच्या सिनेमाचं नाव स्वतःहून काढावं. पोरं तो पाहणारच आहेत, मग निदान काय पाहतो आहोत ते कळू दे. व्हिडिओ चढवणाऱ्यांनी नावाखाली एक ओळ लिहावी. एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं तर ‘अथवा’ घालून दुसरं नाव मुखपृष्ठावरच देत: बाबा पदमनजींची १८५७ ची कादंबरी ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ अशी आहे. लांबलचक नाव, खरं. पण दुसऱ्या कुठल्या यमुनेशी तिची गल्लत व्हायची सोय नाही. नव्या सिनेमाला जुन्या पुस्तकाचंच नाव हवं असेल, तर अशी एक शेपटी लावायला काय जातं?

वाहिन्या आणि मोठे निर्माते यांच्याकडून मात्र मला विनंतीपेक्षा जास्त हवं आहे. एखाद्या कवीची ओळखीची ओळ जशीच्या तशी शीर्षक म्हणून घेतली, तर सुरुवातीच्या पाटीवर कवीचं आणि संग्रहाचं नाव ठळक अक्षरांत दिसलं पाहिजे. शेवटी सरसर पळणाऱ्या यादीत, मेकअपमन आणि जनरेटरवाल्याच्या मधे नव्हे. निर्मात्यांच्या संघटना शीर्षक नोंदवून घेताना फी घेतातच. त्याच अर्जात आणखी एक रकाना वाढवावा: हे नाव आधी कोणत्या पुस्तकाचं, कवितेचं किंवा गाण्याचं आहे का? उत्तर ‘हो’ असलं तरी नाव नाकारायचं नाही. फक्त ते उत्तर पाटीवर आलं पाहिजे. आणि जे नाव नोंदवून ठरावीक मुदतीत कामच सुरू झालं नाही, ते मोकळं करावं, म्हणजे आमच्या पोरांना ‘पोळा’ काढता येईल.